मधली कोरी फेरी

सोमवार, ९ जून. अमरावती

१. गुरुवारी यंत्रात आधी तुलनेचा नमुना गेला. मुंबईचा, आजार पक्का ठरलेल्या रुग्णाच्या पेशी.
२. लगेच दीपमालाच्या पोटातल्या बाळाच्या पेशी.
३. मध्ये ब्लँक, म्हणजे नुसत्या द्रावकाची कोरी फेरी, चालवली नाही.
४. बाळाच्या पेशींत मेद साठलेला दिसला. मोठ्या भावाचा, पियुषचा, तोच आजार.
५. शुक्रवारी रिपोर्ट गेला. सोळा तारखेला अकोल्यात गर्भपात ठरला आहे.

आज दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. प्रत्येक मेदाचं प्रमाण हुबेहूब तेच. बाळाचा आलेख नुसता बुटका. दोन माणसांच्या पेशी इतक्या सारख्या नसतात. मुंबईच्या नमुन्याचा अंश यंत्राच्या सुईत उरला असावा!

असावा. सिद्ध नाही. दीपमालाला फोन केला नाही.

मंगळवार, १० जून

गोवर्धन सरांना दाखवलं. प्रयोगशाळा त्यांची. "तुले काय मशीनले आंघोळ घालाले ठेवलं? नमुन्यांची रांग मीच लावली, दोन वर्षांपासून हेच चालू हाय." बाळाच्या पेशींची एक कुपी उरली आहे, म्हटलं. "रिपोर्ट गेला ना? आता काय उकरून काढतं?"

सर हसले. मी नाही.

बुधवार, ११ जून

उद्या सर लग्नाला अचलपूरला. उद्याच.

गुरुवार, १२ जून

सुई धुतली, कॉलम, म्हणजे नमुना पुढे जातो ती नळी, धुतला. ब्लँक. पुन्हा ब्लँक — आलेख कोरा. मग शेवटची कुपी.

मेद साठलेला नाही. कुठेच नाही!

फोन लावला. दीपमालाचा बंद. तिचा नवरा सुगत, त्याचाही बंद.

शुक्रवार, १३ जून

सकाळी चांदूर रेल्वेहून सुगतचा फोन. "ताई, मंगळवारीच जाऊन आलो. दवाखान्यानं लवकर बोलावलं. मंग काहून थांबाचं?"

मी सगळं सांगितलं. "म्हणजे लेकरू चांगलं होतं?"

हो म्हटलं.

"दीपमालाले नोका सांगू."

मागे पियुष खोकत होता. औषध विचारलं. "सालभरापासून बंद हाय. तुमच्याच रिपोर्टात होतं ना, याले इलाज नाही मनून."

सोमवारी फोन हातात होता.

शनिवार, १४ जून

पियुषचा गेल्या वर्षीचा आलेख काढला. तेव्हा मी इथे नव्हते. त्याच्या आधी — तोच मुंबईचा नमुना. ब्लँक नाही. आकार तोच. बुटका. म्हणजे पियुषलाही हा आजार नसेल, दुसराच, इलाज असलेला असेल.

सिद्ध नाही. तरी सुगतला लगेच फोन केला — पियुषला घेऊन या, आजच.

सरांना पाठवलं: "पियुषच्या गोठवलेल्या पेशी ब्लँक लावून पुन्हा तपासायच्या आहेत. फ्रीझरची किल्ली तुमच्याकडे आहे. बुधवार, १८ जूनपर्यंत लेखी उत्तर द्या."