ओळखीची माती

प्रिय बाईसाहेब,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, घर जागेवर आहे आणि तुझ्या स्वयंपाकघरातलं काहीही फुटलेलं नाही, ती निळी बशी सोडली तर. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. आपली ठमी तर पोट धरून हसेल. म्हणून आधीच सांगतो, हे तिला वाचून दाखवू नकोस. लेकीवर माझा राग नाही. पण ती फोन लावते तो सगळ्या घराला ऐकू जाईल असा. मागे बाळ रडत असतं, जावईबापू काहीतरी शोधत असतात, आणि तू ‘जेवलात का, गोळी घेतलीत का’ एवढं विचारून फोन बाळाच्या कानाला लावतेस. बाळाशी माझं चांगलं जमतं, पण त्याला अजून बोलता येत नाही. तुझ्याशी चार शब्द बोलायचे तर हल्ली ते चारचौघांत बोलावे लागतात, आणि ते मला कधीच जमलेलं नाही.

बातमी अशी की मी तुझ्या होस्टाचं बी लावलंय. खरंच. मागच्या भिंतीलगत, ऊन फिरकत नाही अशा जागी तू लावलेली ती रुंद पानांची, पांढऱ्या काठाची झुडपं. तू गेलीस तेव्हा त्यांना फुलांचे दांडे आले होते. फुलं सुकली की तू दांडे छाटून टाकायचीस. या वेळी छाटायला कोणी नव्हतं आणि छाटायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं. दांड्यांना शेंगा धरल्या. एक दिवस चहा घेऊन मागच्या पायरीवर बसलो होतो, तर एक शेंग उकललेली दिसली. आत काळं, चपटं बी, प्रत्येकाला इवलासा पंख. फुंकर मारली असती तर उडून गेलं असतं. मी ते कागदावर झाडून घेतलं. म्हटलं, बाईसाहेब परत येतील तेव्हा खिडकीत रोपं उभी असतील, आणि मी काही न बोलता पेपर वाचत बसेन. तेव्हा तू परत येणार होतीस. बाळ जरा अंगाला लागलं की निघते, असं तूच म्हणाली होतीस.

माझं गाडं अडलं ते मातीपाशी. बी कशात लावायचं, हे कोणाला विचारणार? शेजारच्या मास्तरीणबाईंना मी अधूनमधून पाव नेऊन देतो, कारण अजूनही माझ्या हातून दोघांचा पाव भाजला जातो आणि अर्धा वाळून जातो. पण त्यांच्याकडे झाडं आहेत ती प्लास्टिकची. मग मी माझंच डोकं चालवलं, आणि माझं डोकं म्हणजे भट्टीवाल्याचं. आम्ही रोज भट्टीवरून निघताना मळलेल्या पिठाचा एक गोळा मागे ठेवायचो, हे तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो नव्या पिठात मिसळायचा. त्याने पीठ फुगतं आणि पावाला जुनी चव उतरते. आयुष्यभर हेच केलं, मग मातीतही तेच केलं. बाजारातून मातीची पिशवी आणली, तिच्यात सढळ हाताने कुजलेलं खत घातलं, आणि शेवटी तुझ्या झुडपांच्या मुळाशी हात घालून तिथली ओली माती मूठभर काढून आणली आणि मिसळली. आईच्या पायाखालची माती मिळाली की पोरं रुळतील, असं मला वाटलं. ती ट्रेमध्ये भरून बी पेरलं, वर ओलं फडकं टाकलं आणि ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवला, पीठ फुगायला ठेवतात तसा.

आणि उगवलं की गं. एका सकाळी फडकं उचललं तर हिरवी टोकं वर आलेली. मी एकटाच असताना मोठ्यांदा ‘अगं, हे बघ’ म्हणालो. तुला कधी एकदा सांगतो असं झालं होतं, म्हणून फोनचा ठरलेला वार नसतानाही फोन लावला. तुला आठवत असेल तो फोन. मी तोंड उघडायच्या आत ठमी मागून म्हणाली, “बाबा, तुम्ही एकटे तिकडे काय करताय? इकडेच या ना कायमचे. आई आता इथेच राहणार आहे. आई, सांग की त्यांना.” तू इथेच राहणार आहेस हे मला तेव्हा कळलं. मी वाट बघत राहिलो तू काय म्हणतेस याची. तू म्हणालीस, “दूध उतू जातंय, ठेवते.”

तुझं दूध उतू गेलेलं मला तरी आठवत नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

रोपांचं सांगायचं राहूनच गेलं. आणि मग सांगण्यासारखं काही उरलंही नाही. दोनतीन दिवसांत रोपांनी एकेक करून माना टाकल्या. देठ मातीला टेकतो तिथे तो काळा पडून दोऱ्यासारखा बारीक व्हायचा आणि वरची दोन पानं आडवी. ट्रेवर चिलटं घोंघावू लागली. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग आणखी खत घातलं. शेवटी ट्रे उचलून बसथांब्यापलीकडच्या रोपवाटिकेत गेलो. तिथली बाई ठमीच्या वयाची आहे, पण बोलायला तुझ्यासारखी, म्हणजे मोजकी. तिने ट्रेला नाक लावलं, बोटाने माती उकरली आणि यात काय काय घातलंय ते विचारलं. मी पिठाच्या गोळ्यासकट सगळं सांगितलं. हसली नाही. म्हणाली, “काका, बियांना ओळखीची माती लागत नाही. स्वच्छ लागते.” मोठ्या झाडाला त्या मातीतल्या बुरशीचं काही वाटत नाही, ते तिच्यात मुरलेलं असतं, कोवळ्या देठाला मात्र ती खाऊन टाकते. आणि खताची तर त्यांना गरजच नाही, सुरुवातीची शिदोरी बी स्वतःच बांधून आणतं. त्याला हवी थोडी ओल, थोडी हवा आणि मोकळी जागा.

हे सगळं ती बियांबद्दल बोलत होती, पण मी ट्रे काखेत मारून घरी येईपर्यंत ते माझ्याच मागे लागलं. तू रागावू नकोस, पण लिहितो. मला वाटलं, तू तिकडे स्वच्छ मातीत जाऊन पडलीस, तुला तिथे हवा लागतेय, आणि मी म्हणजे ती जुनी मूठ. ती मिसळायची नाही म्हणूनच तू दूध बघायला गेलीस. आपला संसार झाला तो दोन पाळ्यांत. तू अंथरूण घालायचीस तेव्हा मी भट्टीवर निघायचो. मी पिठाने माखून यायचो तेव्हा तू शिवणावर बसलेली असायचीस आणि मी झोपावं म्हणून मशीनचा पाय हळू मारायचीस. घर बारा तास तुझं, बारा तास माझं. भांडायलासुद्धा आपण फारसे एकत्र नव्हतो. मग माझी भट्टी सुटली आणि मी दिवसभर तुझ्या घरात. मी तुझे डबे उंचीप्रमाणे लावले. कणीक मळायची कशी ते तुला शिकवलं. तू मागच्या पायरीवर जाऊन होस्टाजवळ बसायला लागलीस. ठमीचा फोन आला तेव्हा मी न्हाव्याकडे होतो. केस कापून येईपर्यंत तुझी बॅग भरून दाराशी उभी होती. ठमीला गरज होती, हे मला कळतं. पण ती बॅग फार लवकर भरली होती.

असो. आता दुसऱ्या वेळची माती ऐक, कारण ही मी शिकून केली. कोकोपीट म्हणून नारळाच्या काथ्याच्या भुशाची एक वाळकी वीट मिळते, साबणाच्या वडीहून थोडी मोठी. ती बादलीत ठेवून वरून उकळतं पाणी ओतायचं. वीट फुगत जाते, फुगत जाते, आणि बादली भरते. पीठ फुगण्याचं माझं सुख तिथे भागलं. मग ती दोनतीनदा धुवायची, कारण त्या भुशात खारटपणा असतो. मग चाळायची. मी तुझी पिठाची चाळणी घेतली नाही, नवी आणली, हे नमूद कर. त्यात परलाइट म्हणून पांढरे हलके दाणे मिसळायचे, म्हणजे आत हवा खेळती राहते. ओल बघायची ती मुठीत दाबून: बोटांतून एकदोन थेंब पडावेत, धार लागू नये. हे मात्र मला कोणाकडून शिकावं लागलं नाही. ट्रे उकळत्या पाण्याने धुतला. पहिल्या वेळी उरलेल्यातलं थोडं बी वरच पसरलं आणि अगदी पातळ थर भुरभुरवला. फडक्याऐवजी पारदर्शक झाकण, आणि आता ट्रे तुझ्या शिवणाच्या मशीनवर आहे, कारण ट्यूबलाइट बरोबर त्याच्या वर येते. मशीनवर आधी प्लास्टिक घातलंय.

ती मातीच नव्हे खरं तर. तिला वास नाही, वजन नाही, तिच्यात कोणाचं काही नाही. मला ती आवडली नाही. पण रोपं तिच्यात उगवली आणि उभी राहिली. सकाळी उठून मी आधी झाकण काढून त्यांना हवा देतो, मग चहा ठेवतो. हल्ली चहा एकाच कपाचा बरोबर होतो. त्याचंच वाईट वाटतं. रोपवाटिकेतल्या बाईला परवा रोपं दाखवली. ती म्हणाली, छान आहेत, पण पांढरा काठ येईल अशी आशा धरू नका. बियांपासून आलेला होस्टा आईवर जात नाही, बहुतेक साधा हिरवाच निघतो. मी म्हटलं, चालेल. आमची ठमीसुद्धा आईवर गेलेली नाही, ती बडबडी आहे.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. मी बी सगळं पेरलेलं नाही. अर्धं कागदात गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवलंय. मला इथे एकटं राहवत नाही, बाईसाहेब. तुझ्या मशीनचा हळू मारलेला पाय ऐकू आल्याशिवाय मला दुपारी झोप लागत नाही. ठमी बोलावते, पण मी ठमीच्या बोलावण्याने येणार नाही. तुला मी तिथे हवा आहे का, एवढंच मला विचारायचंय, आणि तुला सगळ्यांसमोर त्याचं उत्तर द्यावं लागू नये म्हणून हे पत्र. आलो तर जुनी मूठ घेऊन येणार नाही. तुझ्या डब्यांना हात लावणार नाही, आणि तू पायरीवर बसलीस तर तुला एकटीला बसू देईन. मी हवा असेन तर पुढच्या फोनवर, सगळ्यांच्या देखत, नुसतं म्हण की इथे कोकोपीटची वीट मिळते. कोणाला काही कळणार नाही, आणि मी ते अर्धं बी खिशात घालून निघेन. नको असेन तर तिकडच्या हवेबद्दल काहीतरी बोल. थंडी, वारा, काहीही. मी समजेन, जेवलो म्हणून सांगेन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही. फक्त दूध उतू जातंय असं सांगू नकोस.

तुझाच,
भट्टीवाला