दुसरा आवाज

प्रिय फिदेन्सिओ,

आईला पोचवायला गेलो, तर पोरांनी कबरीशी ड्रम आणि मोठाले स्पीकर मांडलेले. "यादिरा, दफनाला हे शोभतं का?" "थांबा हो, बाबा," म्हणत तिने अकॉर्डियनवर आईचं आवडतं गाणं धरलं. उलिसेसने बटण दाबलं आणि स्पीकरमधून तुझा आवाज आला. सीमेपलीकडून तुला येता येत नाही, म्हणून पोरांनी तो माझ्या नकळत फोनवर रेकॉर्ड करून मागवला होता. तू नेहमीसारखा आपल्या जोडगाण्यातला दुसरा आवाज गात होतास. पहिल्याची, माझी जागा रिकामी. भांडणानंतर आपण बोललेलो नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"बाबा, काका थांबलेत," यादिरा म्हणाली.

आईला खाली सोडेपर्यंत आपण दोघं गायलो.

हे पत्र टाकत नाही. फोनच करतो.

ग्वादालुपेची माउली तुला सांभाळो.

तुझा थोरला,
एलेउतेरिओ