नजर लागू नये म्हणून ठेवलेलं नाव

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

चि. विश्वजीत,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, आणि जिन्याशी त्यांचं भांडणही. बंगळूरला पाऊस असेल तर छत्री ऑफिसातच विसरून येऊ नकोस. फोनवर तू "बोल आई, पटकन" म्हणतोस, आणि मला सांगायचं आहे ते पटकन सांगता येण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

काल अंध मुलींच्या शाळेत तुझं सॉफ्टवेअर चालू केलं. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस वाचून दाखवायला जाते. छापलेलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं की ते मराठीत मोठ्याने वाचतं, माझ्या मुलाने केलंय आणि जगाला मोकळं देऊन टाकलंय, असं मी महिनाभर ज्याला त्याला सांगत होते. विश्वस्त आले होते. पुढच्या रांगेत खुर्च्या, टेबलावर फुलदाणी. सुकेशनीने, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी, बटण दाबलं आणि खोलीभर आवाज घुमला, "——— हजर आहे. काय वाचू?"

तो शब्द मी लिहिणार नाही. तुझ्या आजीच्या तोंडची शिवी ती. सॉफ्टवेअरचं नावच तू ते ठेवलंयस, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्यापाशी तू कायम "आपलं वाचणारं" म्हणत आलास.

पण त्याहून वाईट पुढेच. कन्नड तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यो तर तुमचाच आवाज हाय."

माझाच होता. २०१८ च्या उन्हाळ्यात तू मला चार महिने रोज दुपारी वाचायला बसवलंस. कूलर बंद, पंखा बंद, चिकलठाण्याला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की थांबायचं, घाम पुसायचा, पुन्हा पहिल्यापासून. त्या वाचनातला एक तुकडा इथला, एक तिथला जोडून तू माझ्या तोंडी तो शब्द घातलास. कॉन्व्हेंटमध्ये अपशब्द बोलणारीला "मी जीभ स्वच्छ ठेवीन" असं शंभरदा लिहावं लागे. दहा वर्षांत मला ते एकदाही लिहावं लागलं नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते पेपरामागून म्हणाले, "पस्तीस वर्षं मी वाट बघतोय, अन् ऐकायला मिळाली कुणाला, तर विश्वस्तांना."

मला संशय येतो, विश्वजीत. तू माझ्यावर सूड उगवलास का? तुला त्या शिवीने हाक मारू नका असं मी आजीला म्हटलं आणि तिने बंद केलं, एवढंच झालं होतं. भांडण नाही, काही नाही. तू ते इतकी वर्षं मनात ठेवलंस?

तुम्ही मुलं आपसात असल्या नावांना हसत असाल. पण त्या कन्नडच्या मुलीला वडिलांनी फोनवर विचारलं, "कशावर वाचतीस गं आता?" आणि तिला नाव सांगता आलं नाही. फुकट दिलेली वस्तूसुद्धा शिवी देऊन कुणाच्या हातात ठेवू नये. नाव बदल.

तुझी,
आई


५ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वजीत,

आशीर्वाद. दसरा झाला. तुझ्या वाटणीची आपट्याची पानं देव्हाऱ्यात आहेत.

तुझं चार ओळींचं उत्तर मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. "आई, सूड नाही. आजी म्हणायची तसं, नजर लागू नये म्हणून. ओपन सोर्स म्हणजे उघडं दार, कुणीही उचलून न्यावं आणि वर कुलूप लावावं. या नावाची वस्तू कंपनीवाल्यांना साहेबांपुढे ठेवता येत नाही, म्हणून ती जगते. नाव बदलणार नाही."

इंजिनिअर झालेल्या मुलाने हे लिहावं? आजीच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून तिचं नाव दगडाबाई. तिची पहिली दोन गेली, म्हणून तुझे बाबा फकिरा. तू सातव्या महिन्यात जन्मलास, दवाखान्यात काचेच्या पेटीत होतास. मी विश्वजीत नाव सुचवलं तर आजी म्हणाली, "एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव? यमाला लांबून ऐकू जाईल." आणि पेटीच्या काचेवर बोट टेकवून तिने तुला त्या शिवीने हाक मारली. तिला ते शोभलं. ती कन्नडच्या शेतातली बाई. तू?

तर, तू बदलणार नाहीस म्हणून मी बदललं. सुकेशनी म्हणाली, "बाई, दादांनी आतच लिहिलंय, कुणीही घ्या, बदला, दुसऱ्या नावाने वाटा." तो शब्द आत चारशे ठिकाणी होता. तिला वीस दिवस लागले. आता ते "सुवाणी" आहे. "नमस्कार, सुवाणी हजर आहे" म्हणतं. इतर शाळांनाही घेता यावं म्हणून सुकेशनीने ते इंटरनेटवर ठेवलंय.

परवा एक बद्रीनाथ नावाचे गृहस्थ घरी आले होते. वाचून दाखवणारी यंत्रं विकणारी कुठली तरी कंपनी. वागणं फार सभ्य. म्हणाले, "आम्ही हे दोन वर्षांपूर्वीच पाहिलं होतं, पण नाव वाचून साहेबांनी विषयच बंद केला. तुम्ही फार मोठं काम केलंत, मॅडम." जुनं नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. मला वाटलं, घरचे संस्कार.

ते गेल्यावर कपबश्या विसळताना मात्र मन खायला लागलं. "आवाज तुमचाच ना? नक्की?" असं त्यांनी तीनदा का विचारलं? एकदा विचारलं तर कौतुक म्हणावं. बाबा म्हणाले, "बाजारात म्हैस बघावं तसं बघत व्हता तुला. दात मोजायचे तेवढे राह्यले."

बाकी विशेष काही नाही.

तुझी,
आई


१४ डिसेंबर २०२५

विश्वजीत,

आशीर्वाद देते. घेशील ना?

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, कुणी तुझी सही घेतली का कशावर?" मी म्हटलं, "नाही रे."

घेतली होती. कपबश्या विसळण्याआधीच. बद्रीनाथ म्हणाले, "आवाजाचा सन्मान म्हणून एक कागद आहे." तीन पानं, सगळं इंग्रजीत. इंग्रजी येतं याचा मला एवढा अभिमान की ते वाचायची गरजच वाटली नाही. त्यांच्याच पेनाने सही केली, आणि तुला लिहिलं की विशेष काही नाही.

गेल्या महिन्यात त्यांची पांढरी पेटी शाळेत आली. बंद, स्क्रूसुद्धा दिसत नाही. आत सुवाणीच आहे, आवाज माझा आहे. त्यांनी भरलेली पुस्तकं ती गोड वाचते. कन्नडच्या त्या मुलीने आपला निकालाचा कागद पेटीसमोर धरला. पेटी म्हणाली, "ही सुविधा उपलब्ध नाही." पेटी कसली, मीच म्हणाले. तिने तीनदा कागद धरला आणि मी तिला तीनदा नाही म्हणाले. बाजूला खुर्चीवर मी स्वतः बसले होते. मग मी तो कागद हातात घेतला आणि वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही घरी गेल्यावर काय करू?"

मागोमाग शाळेला पत्र आलं. ही ध्वनिमुद्रणं आता कंपनीची आहेत, जुनं सॉफ्टवेअर बंद करा. तसंच पत्र तुलाही आलं असणार, म्हणूनच तू विचारलंस.

हे सगळं होत असताना मी तुझ्यावर संशय घेतला. मग सुकेशनीवर घेतला, की ही इतक्या लगेच नाव बदलायला तयार कशी झाली. मुख्याध्यापिकांवरही घेतला. घरात एक आरसा आहे, त्यात तेवढं पाहिलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मी "एवढंच झालं" म्हणून संपवली होती. तुझ्या शाळाप्रवेशाच्या मुलाखतीला निघताना आजीने तुला नेहमीसारखी हाक मारली. मी तिला म्हणाले, "माझ्या मुलाला तुमच्या तोंडची घाण नको." ती पुढे नऊ वर्षं जगली, पण तुला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. विश्वजीत तिच्या तोंडून निघेना, आणि दुसरं मी काढून घेतलेलं. खांद्याला हात लावून "अहो, जेवता का?" म्हणायची. स्वतःच्या नातवाला, परक्या माणसासारखं. तू तेव्हा पाच वर्षांचा, दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होतास. तू ऐकलं होतंस हे मला तेव्हाच कळलं, कारण त्या दिवशी नाड्या बांधायला तुला फार वेळ लागला.

मंगळवारी सुकेशनी घरी आली. ओळीवर बोट ठेवून आम्ही तो कागद वाचला. त्यात लिहिलंय, मार्च ते जून २०१८ मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे. तेवढीच. ओळखीच्या वकीलबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "गळा दिलेला नाही तुम्ही."

तेव्हा मी पुन्हा वाचायला बसणार आहे. सात वर्षांत आवाज घोगरा झालाय, दम लागतो, पण आता थंडी आहे, कूलरची भानगड नाही. विमानापुरतं थांबायचं. २०१८ च्या वाचनात नसलेला तो एक शब्द काल आधी म्हणून टाकला. पहिल्यांदा म्हटला तर सुकेशनी म्हणाली, "बाई, ही शिवी नाही वाटत, आरती वाटतीये." दुसऱ्यांदा मलाच हसू आलं. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "आईवानी म्हण. पोटातून." तिसऱ्यांदा आला. बाबा आत गेले.

शिव्या नावात नसाव्यात, हे माझं मत अजून तेच आहे. त्या मुलीला वडिलांना नाव सांगता यावं, असं मला अजून वाटतं. आपण त्यावर भांडू, तू आलास की. पण ते नाव म्हणजे कुंपण होतं, आणि ते कशासाठी आहे हे न बघता मी उपटलं. आता नाव परत लाव, चारशेच्या चारशे ठिकाणी. आणि माझ्या आवाजाचे तुकडे जोडत बसू नकोस. सुकेशनीने फाईल पाठवली आहे. या वेळी मी ते एका दमात, माझं मीच म्हटलंय.

रागावला असशील तर तसं लिही. चार ओळींत नको, सविस्तर लिही.

भाड्या, घरी कधी येतोस?

तुझी आई,
सत्यशीला
दगडाबाईची सून