आईचा गुडघा आणि माझा डेस्कटॉप

८ फेब्रुवारी, शनिवार
प्रगतीला मुलगा झाला. नागपूरला. मी मामा झालो!

पहिलं बाळंतपण खरं तर आमच्याकडे बदलापूरला व्हायचं. पण जानेवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि प्रगती सासरीच राहिली. आईला ते फार लागलंय. मोबाइलवर बाळ दाखवलं तर चष्मा वर-खाली करत म्हणाली, यात नाक कुठलं नि कान कुठला तेच कळत नाही. त्यात अंगठा लागून फोन कट. परत लावला, परत कट. मग फोन बाबांकडे देऊन भिंतीकडे बघत बसली.

तिथेच जाहीर केलं: आईबाबांना डेस्कटॉप घेऊन देणार. मोठा स्क्रीन, परवडेल असा. बारशाच्या आत त्यांच्या बेलवलीच्या घरात बसलेला असेल. बाबा म्हणाले, उगाच खर्चात पडू नकोस. म्हटलं, बाबा, कम्प्युटरमधलं आपल्या घरात माझ्याइतकं कोणाला कळतं? बाबांनी पेपर उघडला. म्हणजे मान्य.

९ फेब्रुवारी, रविवार
अभ्यास सुरू. सकाळपासून यूट्यूबवर रिव्ह्यू. प्रोसेसर, रॅम, एसएसडी. प्रत्येक जण दुसऱ्याला मूर्ख म्हणतो. मी मधला मार्ग काढणार.

बायको, श्रद्धा, म्हणाली, एकदा बेलवलीला जाऊन त्यांना विचार तरी, काय काय करायचंय त्यावर. सांगितलं, त्यांना काय हवंय ते त्यांना कसं कळणार? तिने भाजीत मीठ जास्त घातलं. संबंध असेल किंवा नसेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार
प्रगतीच्या नवऱ्याचा, अमितचा फोन. म्हणे, दादा, ऑल-इन-वन घ्या, सगळं स्क्रीनमध्येच असतं, एक वायर लावली की सुरू. मी इथून ऑर्डर करून टाकू का?

नम्रपणे नाही म्हटलं. जावयाने कम्प्युटर पाठवायचा आणि सख्ख्या मुलाने बघत बसायचं? शिवाय एक गोष्ट बिघडली की अख्खा डबा रिपेअरला. एवढंही त्याला सुचलं नाही. चांगला मुलगा आहे, पण बँकेत आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
उल्हासनगर. कॅम्प तीनला हरेशभाईंचं दुकान. अंबरनाथच्या आमच्या कंपनीतले सगळे इथूनच घेतात. गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, साईं, चलायेगा कौन? म्हटलं, आईबाबा. तर एक वापरलेला, ऑफिसमधून आलेला तयार सेट पुढे ढकलला. म्हणे, मम्मी-पप्पांसाठी बेस्ट आहे, आज घेऊन जा, आज चालू.

सेकंडहँड! माझ्या आईला! मी प्रोसेसरच्या जनरेशनबद्दल चार प्रश्न विचारले. ते म्हणाले, भाऊ, तुम्हाला तर सगळं माहीत आहे, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. हार मानली त्यांनी.

निर्णय: एकेक पार्ट निवडून असेंबल करून घ्यायचा.

९ मार्च, रविवार
परत उल्हासनगर. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम झाली. कॅबिनेटला काच आहे आणि आतले पंखे रंग बदलतात. गरज नव्हती, पण साधा कॅबिनेट बघितल्यावर मन उदास झालं. सोबत माइकवाला हेडफोन फुकट मिळवला. घासाघीस करावी तर मीच.

मॉनिटर मात्र घेतला नाही. पाडव्याला ऑफर येणार, आत्ता कोण घेतो? श्रद्धा म्हणाली, बारसं पाडव्याच्या आधी आहे. म्हटलं, बघू.

२३ मार्च, रविवार
बारसं झालं. नाव अर्णव.

बेलवलीला सगळे जमलो. कॅबिनेट टेबलावर होता, स्क्रीन नव्हता. बारसं श्रद्धाच्या मोबाइलवर बघितलं. आईने नेसायची म्हणून नवी साडी काढली होती. पाळणा म्हणायला लागले तेव्हा ती पण म्हणायला लागली, पण तिकडच्या बायकांच्या आवाजात तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नसावा. मग थांबली. म्हणाली, बाळ हरभऱ्याएवढं दिसतंय रे.

वाईट वाटलं. पण भावनेच्या भरात महाग मॉनिटर घेण्यात अर्थ नव्हता. बारसं एका दिवसाचं, कम्प्युटर दहा वर्षं चालणार. हे आईला समजावलं. ती म्हणाली, हो बाबा. बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा
मॉनिटर घेतला! ऑफरमध्ये! थांबलो ते किती बरोबर होतं.

(ऑफर कालपर्यंतच्या किमतीवर होती. ती किंमत दुकानदाराने परवाच वाढवली होती असं श्रद्धा म्हणते. तिने कशाला बघावं?)

६ एप्रिल, रविवार
सगळं जोडलं. पंखे रंग बदलू लागले. आई म्हणाली, हे हिरवं-निळं कशाला पेटतंय, दिवाळी आहे का? त्यावर साडीचा तुकडा टाकला. आता कॅबिनेट तापतो.

बाबांनी विचारलं, याला इंटरनेट कुठून येणार?

प्रश्न चांगला होता. घरात ब्रॉडबँड नाही हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. केबलवाल्याला फोन केला. म्हणाला, कल आता हूँ.

१३ एप्रिल, रविवार
केबलवाला आला नाही. मी आमच्या शिरगावच्या घरून रोज फोन करतो, तो रोज कल म्हणतो. या देशात कोणाला वेळेची किंमत नाही.

२० एप्रिल, रविवार
नेट आलं. कम्प्युटरने ते मिळताच अपडेट सुरू केलं आणि सकाळ गेली. दुपारी पहिला धडा.

मी ठरवलंय, पाया पक्का करायचा. घाई करून व्हिडिओ कॉल शिकवला की माणूस कायम अडाणी राहतो. आज फोल्डर म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, माउस कसा धरायचा. आई माउस हलवता हलवता टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि म्हणाली, आता जागा संपली. बाबा वहीत 'राइट क्लिक' लिहून घेत होते.

मध्येच आईने विचारलं, पण यात बाळ कुठे आहे? म्हटलं, आई, बाळ शेवटच्या धड्यात.

आईचा चेहरा पडला असं श्रद्धाला वाटलं. मला तरी ती एकाग्र दिसली.

२७ एप्रिल, रविवार
दुसरा धडा, कॉपी-पेस्ट. पोचलो तर आई दार उघडायला स्वतः आली. काठीशिवाय! हॉलमध्ये बॅग उघडी. त्यात डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, झबली.

बाबा म्हणाले, काल डॉक्टरांनी गुडघा बघितला. एकदम बरा आहे, प्रवास करा म्हणाले. अमितने नागपूरचं तिकीट काढलं. बुधवारी निघतोय.

विचारलं, आणि कोर्स? आई म्हणाली, आता बाळालाच मांडीवर घेणार रे. पण तू खूप खपलास हो आमच्यासाठी. माझ्या तोंडात लाडू घातला.

म्हणजे गुडघा माझ्याआधी तयार झाला. एका दृष्टीने चांगलंच आहे. परत येतील तेव्हा सगळं अद्ययावत असेल. बाबांनी किल्ली दिली, झाडांना पाणी घालायला सांगितलं.

४ मे, रविवार
संध्याकाळी बेलवली. झाडांना पाणी घातलं. घर फार शांत होतं. कम्प्युटर लावला, हेडफोन घातला आणि नागपूरला व्हिडिओ कॉल केला. शेवटी कोणीतरी उद्घाटन करायलाच हवं होतं.

लागला! आणि काय क्लिअर! आई अख्ख्या स्क्रीनभर. तिच्या मांडीवर अर्णव. नाक वेगळं, कान वेगळा. आई इतकी हसताना कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. मी ओरडलोच, आई, बघ, किती छान दिसतंय!

आई म्हणाली, आवाज येतोय रे, तू दिसत नाहीस. नुसतं काळं आहे.

सेटिंग बघितली. वायरी हलवल्या. मॉनिटरच्या वर, खाली, मागे बोटं फिरवली. मग लक्षात आलं. मोबाइलला असतो, लॅपटॉपला असतो. याला वेगळा घ्यावा लागतो. तीन महिन्यांत मी कॅमेरा घेतलाच नव्हता.

तिकडे अमित मागून वाकून बघत होता. आईने अर्णवचा हात धरून स्क्रीनकडे हलवला, मामा बघ, मामा. मग काळजीने म्हणाली, अरे, अंधारात का बसलायस? लाइट गेली का बदलापूरची?

म्हटलं, हो. आत्ताच गेली.