मुदतीआधीची सही

१२ जानेवारी २०२५, रविवार

वही, माफ कर. बारा दिवस तुला हात लावला नाही. नव्या वर्षाची नवी कोरी वही आणि पहिली पानं तशीच मोकळी — असं कधी झालं नव्हतं. चष्म्याची दांडी मोडली आणि मला दुकानात न्यायला निखिलला वेळ नव्हता; काल कुठे दुकानात टाकला, तोवर जुना लावून लिहितोय. वेळ कुठून असणार! चिरंजीव बेसबॉल चालवतात.

सगळं एकदा लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल. निखिल इथे आखातात गोदामांच्या कंपनीत अ‍ॅडमिन मॅनेजर. मालक हेमचंद्रशेठ. अमेरिकेत शिकून आला, तिथून एक डिग्री आणली आणि हा खेळ आणला. डिग्री अजून कुणाला दिसली नाही, खेळ मात्र दर शनिवारी दिसतो. कंपनीची टीम, कंपनीचे कपडे, कंपनीची बस. टीमची सगळी व्यवस्था निखिलच्या गळ्यात.

आणि खेळ तरी काय! क्रिकेटमध्ये चेंडूला टप्पा असतो, माणसाला विचार करायला वेळ मिळतो. इथे टप्पाच नाही. दांडकं घेऊन उभं राहायचं, तीनदा हुकायचं, चरफडत परत जायचं. बाकीचे आठ-नऊ जण नुसते उभे. च्युइंगम चघळतात. याला म्हणे डावपेच लागतात.

आता मूळ दुखणं. मुश्ताक. टीमचा चेंडू फेकणारा. "पिचर, आजोबा! फेकणारा काय!" — अस्मी, माझी नात, नववीत. तर हा मुश्ताक पाकिस्तानी, सियालकोटकडचा, तिशी उलटलेला. इथल्या लेबर कॅम्पात क्रिकेट खेळायचा. शेठने एकदा त्याला सीमेवरून थेट स्टंप उडवताना बघितलं आणि उचलला. व्हिसावर तो 'गोदाम सुपरवायझर' आहे. गोदामाचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते त्याला माहीत नसेल. केसांना कसलं तरी तेल चोपडतो, गळ्यात चांदीची साखळी. आणि घरातले तिघंही त्याचं नाव पीरासारखं घेतात.

त्याच्या काँट्रॅक्टचे अजून सात महिने बाकी आहेत. सात! आणि निखिलला आत्ताच त्याला आणखी तीन वर्षं द्यायची आहेत. महिना दहा हजार दिरहम. म्हणजे आपले सव्वादोन लाखांच्या वर. चेंडू फेकायचे!

१३ जानेवारी, सोमवार

खोकला. मैथिलीने काढा दिला. सून चांगली आहे, काढा वाईट.

१५ जानेवारी, बुधवार

आज वाजलं. मी एवढंच म्हणालो, "सात महिने हातात आहेत तर घाई कशाला? मुदत संपू दे, मग बघ."

निखिल म्हणाला, "बाबा, तुम्हाला मार्केट कळत नाही. जबल अलीची टीम त्याच्या मागे आहे. मुदत संपेपर्यंत थांबलो की ते उचलणार. खलास."

"उचलू देत. त्यांना पण कळेल."

"तुम्ही त्याला टाकताना नीट बघितलंय तरी का?"

"मी माणसं बघितलीत. जबल अलीच्या गोदामात एकोणतीस वर्षं काढलीत. तुझा मुश्ताक बघायला वेगळे डोळे लागत नाहीत."

अस्मी मध्येच — "आजोबा, यू आर सो निगेटिव्ह!" बघा. मी निगेटिव्ह. आठवी पास माणसाने तोंड उघडलं की निगेटिव्ह.

मग मैथिलीकडून खरी गोष्ट कळली. शेठ लबाड आहे. सही स्वतः करणार, पण निखिलकडून ईमेल घेतलाय — 'मी शिफारस करतो, जबाबदारी माझी.' म्हणजे खेळाडू चालला तर शेठची नजर पारखी, नाही चालला तर निखिल घरी. याआधी एका जपान्याच्या बाबतीत असंच झालं होतं. तेव्हाचा मॅनेजर आता कुठे आहे कुणाला ठाऊक नाही.

निखिल घरी म्हणजे सगळेच घरी. मैथिलीचा, अस्मीचा, माझा — सगळ्यांचे व्हिसा त्याच्या नोकरीवर टांगलेले. अस्मीची दहावी पुढच्या वर्षी. एका पाकिस्तान्याच्या हातावर चार मराठी माणसं उभी! आणि या गाढवाला ते दिसत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

शनिवारी मुश्ताकला जेवायला बोलावलंय. संक्रांतीची गुळपोळी खायला घालणार. शाही स्वागत! माझा चष्मा अजून आला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

चष्मा आला. नसता आला तर बरं झालं असतं.

मुश्ताक दुपारी एकला आला. अत्तराचा घमघमाट, हातात खजुराचा डबा. मला वाकून सलाम. म्हटलं, नाटकी! अस्मी तर नाचायचीच बाकी होती. वाटाण्याचा पुलाव, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, गुळपोळ्या. निखिल त्याला सारखा 'चॅम्पियन, चॅम्पियन' म्हणत होता. मी समोर बसलो होतो. त्याच्यात काय काय वाईट आहे ते बघायला बसलो होतो, खरं सांगतो.

माणूस जेवताना हात तोंडाकडे नेतो. हा तोंड हाताकडे नेत होता. उजवा कोपर टेबलावर टेकवलेला, तो उचलायचाच नाही, मान खाली घालून घास घ्यायचा. मैथिलीला वाटलं, लाजतोय. "लो ना भैया, शरमाओ मत." कसली लाज!

मग मी बघतच राहिलो. पाण्याचा ग्लास डाव्या हाताने. अस्मीने टीमची टोपी दिली, ती डाव्या हाताने घातली. हात धुताना बेसिनपाशी कंगवा काढला, तर डोकं पार नळापर्यंत खाली आणून केस विंचरले. हात खांद्याच्या वर जात नाही. खांदा गेलाय.

निघताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी बघत होतो ते त्याने बघितलं.

१९ जानेवारी, रविवार

निखिलला काही बोललो नाही. का, ते माहीत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

माहीत आहे. लिहितो.

ज्या वर्षी निखिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, त्या वर्षी माझी कंबर गेली. मी गोदामात मुकादम. मुकादमाने हात लावला नाही तर हमाल हात लावत नाहीत, असं ते काम. शर्टाच्या आत पट्टा बांधायचो. वर सैल शर्ट. वाकायची वेळ आली की बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून गुडघ्यावर बसायचो. हिला, निखिलच्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ही गावाकडे, फोनवर कंबर कुठे दिसते!

आणि मुदत संपायला सहा महिने असताना मीच साहेबाकडे गेलो. "सर, रिन्यू अर्ली, प्लीज. सन कॉलेज." साहेब खूश. म्हणाला, विलास फार लॉयल माणूस. लॉयल! कंबर उभी होती तोवर सही हवी होती मला. व्हिसाच्या मेडिकलचं भय नव्हतं. रक्त घेतात, छातीचा फोटो काढतात. कंबर कोण बघतो? खांदा तरी कोण बघणार?

सही झाली. साडेतीन वर्षं काढली. माझ्या वाट्याचं ओझं त्या काळात कुणी उचललं, ते मी कधी विचारलं नाही.

आणि असा माणूस दुसऱ्याला नाटकी म्हणतो. थू.

२२ जानेवारी, बुधवार

सांगायलाच हवं. पोटचा पोर आहे. आज चहाच्या वेळी तोंड उघडलं, निखिल म्हणाला, "बाबा, परत मुश्ताक नको, प्लीज." बंद केलं. एवढा शिकलेला, पण समोर बसून दोन तास जेवलेला माणूस याला दिसला नाही! आंधळ्याला कोण दाखवणार? — असं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. पाहिजे तर दाखवता येतं.

२५ जानेवारी, शनिवार

सामन्याला गेलो. पहिल्यांदाच. सगळ्यांना वाटलं म्हातारा वळला. शेठ आला, काळा चष्मा, "अंकलजी, अब मज़ा आया ना?" म्हटलं, बहोत. गवत खोटं, आनंद खोटा, मीच का खरा राहू?

मुश्ताकने टाकलं. काय टाकलं! चेंडू दिसतच नाही, नुसता धप्प आवाज येतो पलीकडच्याच्या हातमोज्यात. सहा जण लागोपाठ माघारी. अस्मी घसा फुटेपर्यंत ओरडली. मी एकटा त्याचा चेहरा बघत होतो. प्रत्येक चेंडूनंतर तो पाठ फिरवायचा. लोकांना वाटायचं, ऐट.

संपल्यावर पाण्याच्या कूलरपाशी एकटा गाठला. सांगणार होतो की निखिलला खरं काय ते सांग. तोंडातून भलतंच निघालं. माझं हिंदी असं तसंच.

"सुनो. थाली टेबल पर मत रखना. हाथ में उठाना, चमचा मांगना. और शर्ट बटनवाला पहनो. टी-शर्ट उतारते टाइम पकड़े जाओगे."

त्याने अगदी हळू विचारलं, "आपका क्या था अंकल?"

"कमर."

"कितना चलाया?"

"साढ़े तीन साल."

"किसी को पता चला?"

"नहीं."

"मैं दर्द की सुई लेके डालता हूँ," म्हणाला. "दो घंटा चलती है." मग जरा हसला. "आपके टाइम में सुई थी?"

"पट्टा था."

"फिर? साढ़े तीन साल के बाद?"

"फिर क्या. फिर घर."

त्याने डाव्या हाताने माझा ग्लास भरून दिला. घरी दोन मुली आहेत त्याच्या, सात आणि चार. मी विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी, रविवार

मी काय केलं? चोराला कुलूप दाखवलं. तेही आपल्याच घराचं!

२८ जानेवारी, मंगळवार

गुरुवारी तीन वाजता सही. शेठने केक मागवलाय. चेंडूच्या आकाराचा. मैथिली केकवर कुठली अक्षरं लिहायची ते निखिलला विचारत होती. शिकलेली माणसं!

मैथिलीने ब्लडप्रेशर बघितलं, म्हणाली, "बाबा, कसली काळजी करता? आता तर सगळं फायनल झालं." म्हणून तर.

२९ जानेवारी, बुधवार

निखिलच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा तो फोनवर होता. दुसऱ्यांदा नव्हता.

तीन वर्षं. सुई दोन तास चालते. हिशेब अस्मीलाही येईल. पहिल्या सीझनलाच उघडं पडेल, आणि तो ईमेल बाहेर येईल. मी घरी परत जायला तयार आहे, माझं काय! पण अस्मीला गावाकडच्या शाळेत मराठीतून भूगोल लिहायला लावणार? ती मराठीत पाणीसुद्धा मागत नाही.

उद्या सकाळी सांगतो. नक्की.

३० जानेवारी, गुरुवार

निखिल साडेसहालाच निघून गेला. मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो.

३१ जानेवारी, शुक्रवार

सही झाली नाही. मुश्ताकने पेन उचललंच नाही. सगळ्यांसमोरून निखिलला बाहेर नेलं आणि म्हणाला, "निखिल भाई, कंधा खतम है. आपकी नौकरी जाएगी. और घर में अंकल को कुछ मत बोलना, वो तो मुझे बचा रहे थे." निखिलने काल रात्री हे मला शब्दाला शब्द सांगितलं. ओरडला नाही. "तुम्हाला माहीत होतं, बाबा?" एवढंच. जेवला नाही.

मुश्ताक खोली सोडून गेला. कुणी म्हणतं फुजैराला मेहुण्याकडे, कुणी म्हणतं परत सियालकोटला. फोन बंद. सकाळपासून चार वेळा लावला.

बाबा रे, कुठे आहेस? खांदा दाखवलास का डॉक्टरला? लवकर कळव. नुसता मिस्ड कॉल दिलास तरी चालेल. मी जागाच आहे.