न लिहिलेलं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ. खासबाग

दवाखान्याच्या चौकशी खिडकीवरच्या माझ्या नोकरीवर आधारलेला मोबाईलचा छोटा खेळ बनवतेय. पेशंट बोलतो, खेळणाऱ्यानं उत्तर निवडायचं. आज त्यात मागं एकदा खिडकीवर आलेले वडगावचे म्हातारे विणकर आप्पा लिहिले. छाती चोळत, त्यांना वाचता न येणारा कन्नड फॉर्म पुढं धरून म्हणालते, "बाई, एवढं भरून देता काय?"

आक्काला खेळायला दिलं. तिनं "फॉर्म भरून द्या" निवडलं. खेळात आप्पा वाचले.

"तू खरंच दिलतीस काय गं भरून?"

न्हाय. "रांगेत थांबा" म्हटलं मी. रांग तरी केवढी? चार माणसं. नंबर यायच्या आधीच आप्पा बाकावर वारले. ते उत्तर खेळात घालायला हात धजला नाही. कुणापासून लपवतेय?

आक्काला सगळं सांगितलं. ती चहा ठेवायला म्हणून उठली. मी आत गेले, तर ओट्याला टेकून रडत होती.