चौदाव्या होलखालचे वावर

मी, गिरधर लोटन पाटील, वय वर्षे तेवीस, जात गुजर, राहणार मौजे कोरीट, तालुका नंदुरबार, हल्ली मुक्काम तोरणमाळ, अक्राणी महाल, जिल्हा पश्चिम खानदेश, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गेल्या कार्तिकात जान्या पावऱ्याच्या वावरात उभे राहून मी क्लबच्या नकाशावर "पडीक" असा शेरा मारला, त्या घटकेला माझे आयुष्य बदलले. तेव्हा ते कळले नाही. आज माझे डोके ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, कोणाचा दाब नाही. राग आहे, पण रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असे कुठे वाचल्याचे आठवत नाही. अर्थात कॉलेज मी अर्ध्यातच सोडले.

कलम १. हा कागद आजच का, ते आधी लिहितो. येथील हिल क्लबने तळ्याभोवती गोल्फचे अठरा होलांचे मैदान केले आहे. मी त्यांचा मोजणी कारकून. आज दुपारी मोठ्या चढाओढीचा पहिला दिवस आहे. मुंबईचे, इंदूरचे साहेब आले आहेत, तंबू लागले आहेत. त्यांच्याबरोबर अक्राणी महालाचा कारभार पाहणारे महालकरीही येतील आणि चौदाव्या होलची जागा पाहून, ती पडीक असल्याचा पंचनामा करून, कायमची क्लबच्या नावे लावतील. ती जागा पडीक नाही. ते जान्याचे वावर आहे. डोंगरातला माणूस दोन-तीन वर्षे पेरतो आणि मग तितकीच वर्षे जमिनीला विसावा देतो. मी तापीकाठचा. आमची काळी जमीन एक हंगाम रिकामी राहिली तर गाव म्हणते घरातला कर्ता गेला. गुडघाभर गवत दिसले आणि मी लिहून मोकळा झालो. कोणी लाच दिली नाही, कोणी सांगितले नाही. चूक माझी एकट्याची आहे, आणि हे कलम माझा जबाब म्हणून धरावे.

शेरा चुकीचा आहे असे क्लबला तीन अर्ज केले. एकाचेही उत्तर नाही. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "पाटील, नकाशा तुमच्याच अक्षरात आहे." म्हणून आज मी त्या जागेत नांगर धरणार. ज्या जमिनीत नांगराचे तास पडलेले आहे ती महालकऱ्याला डोळ्यांदेखत पडीक लिहिता येणार नाही. गेल्या आठवड्यात जान्याचा बैल तेथे चरायला शिरला तर पहारेकऱ्याने त्याच्या मांडीत छर्रे घातले. माणसाला घालणार नाहीत असे कोणी सांगावे. जान्याला मी नांगराला हात लावू देणार नाही. शेरा माझा, तास माझे.

कलम २. कोरीटची जमीन एकत्र कुटुंबाची आहे. तिच्यातला हिस्सा असा कागद करून देता येत नाही असे वकील सांगतात, म्हणून तो मी मागत नाही आणि कोणाला देतही नाही. वडिलांचा त्यामुळे एक ताप वाचेल.

कलम ३. मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांनी मला घेऊन दिलेले खिशातले घड्याळ वडिलांना परत द्यावे. पुण्याच्या खाणावळीत एका मुलाने माझ्या अहिराणी "शे"ची नक्कल केली, मी त्याच्या अंगावर वरणाची वाटी फेकली, माफी मागायला नकार दिला आणि गाडीत बसून घरी आलो, त्या दिवसापासून आमचे भांडण आहे. होळीला गेलो तेव्हा या वावराची हकीकत सांगितली. ते व मी जेवत होतो. म्हणाले, "कॉलेज सोडं, ते आम्ही सोसं. आते नोकरीबी सोडशी? एक शब्द लिखा, त्यानासाठे डोकं फोडी लेशी का?" मी ताटावरून उठलो. आज वाटते, उठायला नको होते. आईने भाकरी नुकतीच वाढली होती. वडिलांनी जन्मात दुसऱ्याच्या बांधाची एक ओंजळ माती घेतली नाही. हे त्यांना तोंडावर सांगायचे राहिले. येथे लिहितो, कोणीतरी वाचून दाखवावे.

कलम ४. माझी पुस्तके नंदुरबारच्या वाचनालयास. त्रिकोणमितीचे मात्र त्या खाणावळीतल्या मुलाला पाठवावे. त्याला ती कधीच येत नव्हती.

कलम ५. क्लबच्या म्हाताऱ्या कप्तानसाहेबांनी मला दिलेली लोखंडी डोक्याची गोल्फची काठी त्यांना परत करावी. ते भले गृहस्थ आहेत. खोटे कशाला लिहू, मैदान देखणे झाले आहे. येथे उन्हाळ्यात हिरवळ टिकत नाही म्हणून वाळूत तेल कालवून होलाभोवतीची जागा आम्ही लादीसारखी गुळगुळीत केली. चौदाव्यावरून चेंडू मारला की क्षणभर तो दरीवर तरंगतो. ती जागा मीच निवडली. पहिल्यांदा चेंडू तेथे उतरला तेव्हा साहेबांच्या आधी मी टाळी वाजवली. मला त्या टाळीची लाज वाटते, पण ती मनापासून होती.

कलम ६. आईने, दगूबाईने, होणाऱ्या सुनेसाठी म्हणून माझ्याजवळ दिलेले चांदीचे वाळे रूपली, जान्या पावऱ्याची मुलगी, हिला द्यावेत. ती माझी कोणी लागत नाही, असे कायद्यासाठी लिहावे लागते म्हणून लिहितो.

पौष महिन्यात मैदानावर रूळ फिरत होता तेव्हा ती लाकडाची मोळी घेऊन आली आणि मोळी तेथेच टाकून उभी राहिली. म्हणाली, "औंदा आठे जवारी पेरानी व्हती." मी म्हटले, नकाशात ही जागा पडीक आहे. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "तू शिकेल शे ना? मंग तुले वावर वळखाले येत नही का? वावर निजेल शे. मरेल नही." त्यानंतर रोज ती कोणत्या वाटेने जाते ते मला ठाऊक असे, आणि मोजणीची साखळी त्या वाटेवरच अडकत असे.

फाल्गुनात मी जान्याकडे तिला मागणी घातली. त्यांच्यात रीत आहे की ज्याला देज, म्हणजे मुलीचे मोल, देता येत नाही त्याने मुलीच्या बापाच्या शेतात काही वर्षे राबावे, मग मुलगी न्यावी. देज माझ्याजवळ नव्हते. मी म्हटले, राबतो. जान्या हसला नाही, रागावलाही नाही. चिलीम झाडत म्हणाला, "राबशी कोठे, पाटील? वावर ते तूच साहेबना चेंडूले दी टाकं." रूपली दारात जात्याशी बसली होती. तिने जाते थांबवले नाही.

तिने मला हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही. आजचा नांगर तिच्यासाठी आहे का, असे मी स्वतःला पुष्कळ विचारले. अर्धा आहे. उरलेला अर्धा नसता तरी मी आज निघालो असतो का, हे मला माहीत नाही.

(या कलमात एक ओळ खोडली आहे. खोडाखोड माझी, शेजारी सही केली आहे. तिने दुसऱ्या कोणाशी लग्न केले तर वाळे परत घ्यावेत, असे त्या ओळीत होते. मेलेल्या माणसाने कोणाच्या पायात काही अडकवू नये. वाळे तिचे. मोडून विळा घेतला तरी चालेल.)

कलम ७. माझ्या कोटावर स्वयंपाकी दोधू याचा डोळा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये म्हणतात. तेव्हा दोधू, कोट आजच घालून जा, मरण्याची वाट पाहू नकोस.

कलम ८. मला काही झाले तर कोरीटला नेऊ नये. घाट उतरताना खांदेकऱ्यांचे हाल होतील. येथेच तळ्याच्या अंगाला जाळावे. चौदाव्यावर जाळू नये, तेथे पेरायचे आहे.

कलम ९. मोजणीची वही व नकाशाची नक्कल महालकऱ्यांच्या हाती द्यावी. वहीत जान्याच्या बांधाचे दगड मी कार्तिकातच मोजून लिहिले आहेत. अकरा दगड. मी ते मोजले आणि तरीही पडीक लिहिले. ही वही माझ्या सगळ्या मालमत्तेत मोलाची आहे, ती हरवू नये.

येथे संपवतो. हा कागद मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

मुक्काम तोरणमाळ, शनिवार, तारीख २१ मे १९३८, सकाळ.

सही: गिरधर लोटन पाटील

साक्षीदार:

१. दोधू सखाराम, स्वयंपाकी, हिल क्लब. सही दस्तुरखुद्द.

२. दिवाल्या पावरा, जान्याचा शेजारी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

दिवाल्याला लिहिता येत नाही म्हणून आम्हा दोघांचे म्हणणे मी, दोधू, लिहितो. गिरधर पाटलांनी सगळा कागद आमच्यासमोर मोठ्याने वाचला व सही केली. जान्याचा एक बैल लंगडा आहे म्हणून दुसरा दिवाल्याने आपला दिला. ही जोडी बाहेर उभी होती. दिवाल्याने विचारले, "पाटील, भ्याव नही लागत का?" पाटील म्हणाले, "लागस." मग त्यांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, तो माझ्या हातात दिला, नांगर खांद्यावर घेतला, बाहेर गेले आणि मागे दार ओढून घेतले.